अठराव्या वर्षी थेट मोठ्या मैदानात: तरुण पिचरभोवतीच्या गाजावाजाची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९३६ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाने सतरा वर्षांच्या बॉब फेलरला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून सेंट लुईस ब्राउन्सविरुद्ध पहिल्या चेंडूपासून उतरवले. त्याने १५ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले, पुढच्याच महिन्यात फिलाडेल्फियाचे १७. हंगाम संपल्यावर तो आयोवातल्या व्हॅन मीटर गावी शाळा पूर्ण करायला परतला, आणि शाळेचा निरोप समारंभ रेडिओने देशभर ऐकवला. फेलर पुढे खरोखरच थोर ठरला, कारकिर्दीत २६६ सामने जिंकला. घोळ इथूनच सुरू झाला. लाखातला एक अपवाद होता, त्यालाच वृत्तपत्रांनी आणि संघमालकांनी मापदंड मानले.

त्याच्या अगदी उलट उदाहरणही बेसबॉलकडे होते. १९५५ पासून ब्रुकलिन डॉजर्सकडे असलेल्या सँडी कूफॅक्स या पिचरचा पहिल्या सहा हंगामांचा हिशेब ३६ विजय, ४० पराभव असा होता. चेंडू वेगवान, पण ताब्यात नव्हता. तो बहरला १९६१ पासून. इतका धीर मात्र बातमीत मावत नाही. १९६५ मध्ये खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजे ड्राफ्ट, सुरू झाली आणि दर वर्षी ‘पहिल्या क्रमांकाचा’ एक मुलगा आयताच मिळू लागला.

१९७३ मध्ये हा क्रमांक ह्यूस्टन शहरातल्या अठरा वर्षांच्या शाळकरी पिचरचा, डेव्हिड क्लाइडचा होता. त्याला निवडणारा संघ टेक्सास रेंजर्स वॉशिंग्टनहून स्थलांतरित होऊन दुसराच हंगाम चालू होता, स्टेडियम रिकामे राहायचे आणि मालक बॉब शॉर्ट यांना गल्ल्याची चिंता होती. शाळेतला शेवटचा सामना खेळून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २७ जून रोजी क्लाइड मिनेसोटा ट्विन्ससमोर उभा राहिला. आर्लिंग्टन स्टेडियम पहिल्यांदाच पूर्ण भरले. वाहतूक इतकी तुंबली की सामना उशिरा सुरू करावा लागला.

त्या रात्रीचे आकडे नीट वाचावेत: ५ इनिंग (डाव), १ हिट (फलंदाजाला तळ गाठून देणारा फटका), ८ स्ट्राइकआउट, ७ वॉक (चार बाहेरचे चेंडू, म्हणजे ‘बॉल’, पडले की फलंदाजाला फुकट मिळणारा तळ). सामना रेंजर्सने जिंकला, कौतुक झाले आठाचे. धोक्याची सूचना सातात होती. शाळकरी फलंदाज स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेरच्या उंच, वेगवान चेंडूवरही बॅट फिरवतो. मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च स्तरावरचा फलंदाज तो सोडून देतो. मग पिचरच्या खात्यावर दोन-तीन बॉल जमा होतात आणि चौथा टाळण्यासाठी त्याला सरळ, मधोमध चेंडू टाकावा लागतो. त्याचीच फलंदाज वाट पाहत असतो. यावर उपाय म्हणजे त्याच हाताच्या झटक्याने टाकलेला हळू चेंडू, चेंज-अप. तो खालच्या स्तरावर, मायनर लीगमध्ये, फारसे कोणी बघत नसताना, चुका करत बसवायचा असतो. क्लाइडला घरच्या मैदानावर दोन सामने खेळवून खाली पाठवायचे ठरले होते. तिकिटे खपत राहिली आणि तो वरच राहिला. त्या हंगामात ४ विजय, ८ पराभव, दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी ५.०१. पुढे खांदा दुखावला. १९७९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो शेवटचा मेजर लीग सामना खेळला. एकूण १८ विजय, ३३ पराभव. या मुलावर झालेला अन्याय निव्वळ घाईचा नव्हता, तो हिशेब करून झालेला होता.

नव्वदच्या दशकात न्यूयॉर्क मेट्सच्या पल्सिफर, इसरिंगहाउझेन आणि विल्सन या तीन तरुण पिचरांना ‘जनरेशन के’ (‘के’ ही स्ट्राइकआउटची खूण) असे नाव देऊन मिरवले गेले. तिघांचेही हात दुखावले.

स्टीफन स्ट्रासबर्गपर्यंत येता येता संघ शहाणे झाले होते, प्रेक्षक नव्हे. ८ जून २०१० रोजी वॉशिंग्टन नॅशनल्सकडून पिट्सबर्गविरुद्धच्या या पिचरच्या पहिल्याच सामन्यात ७ इनिंग, १४ स्ट्राइकआउट आणि एकही वॉक नाही. क्लाइडच्या आकड्यांशेजारी हे ठेवले की फरक कळतो: इथले कौतुक पायाशुद्ध होते. तरीही ऑगस्टमध्ये कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट फाटला. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर प्रथम केलेली शस्त्रक्रिया आता याच दुखापतीसाठी सर्रास होते. बहुधा मनगटाजवळचा स्नायुबंध काढून कोपरात बसवतात. सामन्यात परतायला बारा ते अठरा महिने लागतात. म्हणून २०१२ मध्ये क्लबने आधीच मर्यादा ठरवली आणि सुमारे १५९ इनिंगनंतर, विजेतेपदाच्या फेऱ्या, म्हणजे प्लेऑफ, तोंडावर असताना, त्याला थांबवले. वॉशिंग्टन पहिल्याच फेरीत हरले आणि गहजब झाला. निर्णय योग्य होता असेच म्हणावे लागेल: २०१९ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू हाच स्ट्रासबर्ग. त्यानंतरच्या २४.५ कोटी डॉलरच्या करारात मात्र तो जेमतेम आठ सामने खेळू शकला.

२०२४ मध्ये पिट्सबर्गने पॉल स्कीन्स या पिचरला आधी ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, मोजक्याच इनिंग दिल्या आणि मे महिन्यात वर आणले. ११ जुलै रोजी मिलवॉकीविरुद्ध सात इनिंगमध्ये एकही हिट न देता, ९९ चेंडूंनंतर, त्याला बाहेर काढले तेव्हा चाहते भडकले. पुढच्या वर्षी त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला.