करडा धोबी पिवळा का दिसतो, आणि पिवळा धोबी करडा का?

हिवाळ्यात ओढ्याकाठी शेपूट आपटत फिरणारा, पोटाखाली पिवळा असलेला सडपातळ पक्षी दिसला की नवखा माणूस ‘पिवळा धोबी’ म्हणून मोकळा होतो. मीही झालो होतो. आमच्या निसर्ग मंडळाच्या बैठकीत फोटो पडद्यावर लावला, खाली झोकात नाव लिहिलेलं. मागच्या रांगेतले एक काका एवढंच म्हणाले, “पाय दाखव बरं जरा.” फोटो मोठा केला. ओल्या दगडावर दोन फिकट गुलाबी काड्या. “मग तो करडा,” असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला, आणि माझ्या फोटोचा विषय तिथे संपला.

घोळ नावातच आहे. करड्या धोब्याचं नाव त्याच्या पाठीवरून पडलंय, पिवळ्याचं विणीच्या काळातल्या नराच्या पोटावरून. पण आपल्याला हे दोघे भेटतात ते थंडीत, आणि तेव्हा नराचा विणीचा थाट उतरलेला असतो. पिवळ्या धोब्याची त्या वर्षी जन्मलेली पिल्लं तर डिसेंबरात इतकी मळकट असतात की एखादीच्या अंगावर पिवळा रंग शोधावा लागतो. उलट करड्याचा गळा पांढरा, छाती फिकट, पण शेपटीखालचा भाग मात्र लिंबासारखा पिवळाधमक. तो कॅमेऱ्याकडे पाठ करून शेपूट वर उचलतो आणि नेमका तेवढाच भाग डोळ्यांत भरतो. थोडक्यात, थंडीत पिवळ्या रंगाला विचारायला जाऊ नये, तो हमखास चुकीचं उत्तर देतो.

मग विचारायचं कुणाला? माझ्या मते सगळ्यात आधी शेपटीला. करड्याची शेपूट त्या एवढ्याशा अंगाला न शोभणारी लांब, जणू थोरल्या भावाची उसनी आणलेली. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत दोघांच्या लांबीत जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक, करडा साधारण १९ आणि पिवळा १७, पण करड्याच्या त्या मापातला मोठा वाटा एकट्या शेपटीचा. ती हलते तेव्हा नुसती शेपूट हलत नाही, कमरेपासूनचं सगळं अंग डोलतं. पिवळ्याची शेपूट आखूड, हालचाल चुटपुटीत, आणि त्याचा जास्त भर पळण्यावर.

पाठ पाहिली तर करड्याची स्वच्छ राखाडी आणि ती संपून शेपूट सुरू होते तिथे एकदम हिरवट पिवळा पट्टा. पिवळ्याची पाठ शेवाळी किंवा तपकिरी, आणि शेपटीच्या मुळाशी तोच रंग पुढे चालू. पिवळ्याच्या मिटलेल्या पंखावर दोन फिकट रेघा दिसतात, करड्याचा पंख त्या जागी सपाट गडद असतो. पण तोच करडा उडाला की पंखातून आरपार एक पांढरा पट्टा चमकतो. डोक्यावरून उडत गेलेल्या धोब्यात हा पट्टा दिसला तर मी पुढचं काही बघत नाही.

पायांचं तर सांगून झालंच. करड्याचे गुलाबीसर, पिवळ्याचे काळे. यात एक मेख आहे. पाणी ओसरलेल्या गाळात दिवसभर फिरलेल्या कोणत्याही पक्ष्याचे पाय काळेच दिसतात. दोनदा फसल्यावर मी आता गुडघ्याच्या वरचा भाग बघतो, तिथे चिखल कमी पोचतो.

आवाज ऐकू आला तर निम्मं काम होतं. करडा उडताना धातूवर टिचकी मारल्यासारखं कडक, तुटक ‘चिझिक्’ करतो, बहुतेक वेळा दोन ठोक्यांचं. पिवळ्याचा ‘स्वीऽऽ’ मऊ आणि जरा ओढलेला.

याहून भरवशाची गोष्ट म्हणजे पायाखालची जमीन. करडा वाहत्या पाण्याचा आणि दगडांचा पक्षी. विणीला तो हिमालयातल्या आणि त्याच्या उत्तरेकडच्या डोंगरी ओढ्यांवर असतो आणि आपल्याकडे उतरला की सह्याद्रीतले ओढे, जंगलातल्या ओलसर पायवाटा, घाटरस्त्याच्या कडेचं पाणी धरतो. कधी बंगल्याच्या हिरवळीवर किंवा गच्चीवरच्या टाकीपाशीही येतो. पण येतो एकटा. आपला ओढ्याचा तुकडा त्याने ठरवलेला असतो आणि दुसरा करडा तिथे आला की लगेच हुसकावून लावतो. पिवळा कळपातला. पाणथळ कुरणं, ओली शेतं, धरणाचा उघडा पडलेला गाळ ही त्याची जागा. म्हशी चरत असतील तर त्यांच्या पायांत घोटाळणारे पाचपन्नास धोबी मिळतील. म्हशीच्या खुराने उठलेला किडा जमिनीवर परत बसायच्या आत यांच्या चोचीत असतो. संध्याकाळी हेच थवे वेतात, लव्हाळ्यात किंवा उसाच्या फडात मुक्कामाला शिरतात.

वेळापत्रकही थोडं वेगळं. करडा हा हिवाळी पाहुण्यांमधला घाईचा पाहुणा. पाऊस पुरता थांबलेला नसतो तेव्हाच, सप्टेंबरात, घाटात त्याचं ‘चिझिक्’ सुरू होतं. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहासाठी आपण दुर्बिणी पुसायला घेतो तेव्हा हे महाराज दोन महिने मुरलेले असतात.

पिवळ्या धोब्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्या उपजाती बऱ्याच आहेत आणि त्या ओळखायच्या नराच्या डोक्यावरून. कुणाचं डोकं काळं, कुणाचं गडद राखाडी, कुणाचं पिवळं. त्यातल्या एका उपजातीच्या नराचं डोकं फिकट निळसर करडं आणि भुवई पांढरी. तिचं शास्त्रीय नाव ‘बीमा’. म्हणजे आपली भीमा नदी! साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनमध्ये नोकरी करता करता इथले पक्षी नोंदवले आणि १८३२ साली ती यादी प्रसिद्ध केली, त्यात हे नाव आलं. पक्षी अंडी घालतो पार तिकडे रशिया-कझाकस्तानच्या गवताळ पट्ट्यात, नाव मात्र भीमेचं. त्याच यादीत पांढऱ्या धोब्याच्या एका उपजातीला त्याने ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, म्हटलंय. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात, भिगवणजवळ, बहुतेक सगळे रोहित पक्ष्यांच्या गुलाबी रंगामागे धावतात. नावेत बसण्याआधी काठावरच्या म्हशींकडे दहा मिनिटं बघा, नदीच्या नावाचा पक्षी तिथे असतो.

आता कॅमेऱ्याचं. हे दोघे ओळखताना फोटो मदतही करतो आणि दगाही देतो. सकाळच्या कोवळ्या, सोनेरी उन्हात करड्याची राखाडी पाठ शेवाळी दिसते, आणि सावलीत काढलेल्या फोटोत पिवळ्याची शेवाळी पाठ निळसर राखाडी. घरी संगणकावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, जरा इकडेतिकडे सरकवला की पक्ष्याची जात बदलल्यासारखी वाटते. म्हणून पाठीचा रंग डोळ्यांनी बघतानाच वहीत लिहून ठेवायचा. मी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढतो आणि पिवळा रंग फुटू नये म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) जरा कमी ठेवतो, नाहीतर शेपटीखाली पिसं न दिसता नुसता पिवळा डाग उरतो. शेपूट स्थिर यायला १/२००० सेकंदाचा शटर वेग लागतो. अर्थात, शेपूट हललेला धोबी मला खोटा वाटत नाही.

आमच्या मंडळात आणखी एक सांगतात आणि ते पटतं. सुंदर फोटो एकच हवा असला तरी ओळखीसाठी तीन काढा. एक बाजूने पायांसकट, एक पाठमोरा, एक उडताना, धूसर आला तरी चालेल. करड्यासाठी त्याच्या मागे पळू नका. तो ओढ्याने पुढेपुढे जातो, हद्द संपली की वळसा घेऊन मागे येतो. दगडाआड बसून राहिलं तर स्वतःच जवळ येतो. मोबाइलवर आवाज लावून बोलावण्याची गरज नसते आणि ते करूही नये.

हे सगळं पाठ झालं की तिसरा येऊन विस्कटतो, सिट्रिन धोबी. तोही पिवळा, तोही पाणथळीचा, पायही काळे. थंडीत त्याच्या गालाभोवती फिकट रंगाची पूर्ण चौकट असते आणि पंखावरच्या पांढऱ्या रेघा पिवळ्यापेक्षा रुंद. मार्चमध्ये नराचं अख्खं डोकं पिवळं झालं की सोपं, पण पिवळ्या धोब्याच्या एका उपजातीचंही डोकं पिवळंच होतं. तिथे परत पाठ बघायची: सिट्रिनची राखाडी किंवा काळी, दुसऱ्याची हिरवट.

मार्च-एप्रिलात, निघायच्या आधी, पिवळा नर खरोखर पिवळा होतो आणि करड्या नराचा पांढरा गळा काळा पडू लागतो. नावं जुळायला लागतात तेवढ्यात दोघे उत्तरेकडे निघतात. माझ्या हार्ड डिस्कवर ‘धोबी, बहुतेक’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात गुडघाभर गाळात उभे, पाठ वळवलेले असे बरेच जण अजून पडून आहेत.