तिघांचं 'बी' आलं म्हणून?

मे महिन्यातला रविवार, संध्याकाळचे पाच. लातूरमधल्या 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या एखाद्या केंद्राचं फाटक उघडतं. बाहेर आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन ताटकळलेले असतात, पण पोरं आधी त्यांच्याकडे वळतच नाहीत. रस्त्याच्या कडेला घोळका जमतो. "तो लेन्सचा काय आला?" "बी." "माझंपण बी." "मीही बीच केलंय." चौथा गप्प होतो. त्यानं सी काळं केलेलं असतं. मिळणारे चार गेले, वर एक कापला जाणार, म्हणजे पाच गुणांचा फटका. एवढा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर लगेच वाचता येतो.

खरं तर त्याला इतक्यात खचायचं कारण नाही. तीन विरुद्ध एक असा कौल कधी भरवशाचा असतो, याचं एक जुनं गणित आहे. फ्रेंच गणिती कॉन्दोर्से यानं ते १७८५ साली मांडलं. त्याच्यासमोर प्रश्न न्यायपंचांचा होता, पण आपल्या घोळक्यालाही तो लागू पडतो. समजा, एखाद्या प्रश्नात दोनच पर्यायांमध्ये खरी झुंज आहे आणि प्रत्येकाचं उत्तर बरोबर येण्याची शक्यता ७० टक्के आहे. अशा तिघांनी आपापल्या डोक्यानं उत्तर काढलं, तर बहुमत बरोबर असण्याची शक्यता ७८ टक्क्यांवर जाते. माणसं वाढवा, ती आणखी वाढते. आता प्रश्न फसवा आहे असं धरा. प्रत्येकाची शक्यता ४० टक्केच. मग तिघांचं बहुमत बरोबर असण्याची शक्यता ३५ टक्क्यांवर घसरते! इथे माणसं वाढवली की चूकच जास्त ठाम होत जाते.

आणि फाटकाबाहेर चर्चा होते ती कोणत्या प्रश्नांची? सोप्या प्रश्नांचं नावही कुणी काढत नाही. घोळ असतो तो फसव्या प्रश्नांचाच. पेपर काढणारे चुकीचे पर्याय उगाच कुठून तरी उचलत नाहीत. सूत्रातला अर्धा विसरला, त्रिज्येऐवजी व्यास घेतला, सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले, तर जे उत्तर येईल तेच नेमकं पर्यायांत बसवलेलं असतं. त्यामुळे घसरणारे सगळे एकाच खड्ड्यात पडतात आणि बाहेर येऊन एकमेकांना टाळ्या देतात.

कॉन्दोर्सेच्या गणिताची पहिली अट, प्रत्येकाची शक्यता निम्म्याहून जास्त असण्याची, इथेच मोडते. दुसरी अट आहे, स्वतंत्र बुद्धीची. एकाच क्लासच्या एकाच बॅचमधली, एकाच सरांची ट्रिक पाठ केलेली तीन मुलं ही तीन मतं नव्हेत. फार तर सव्वा मत म्हणू या.

याचा नमुना २०२४च्या नीटमध्ये अख्ख्या देशानं पाहिला. भौतिकशास्त्रातल्या एका प्रश्नात विधान होतं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत 'बहुतेक मूलद्रव्यांचे' अशी दुरुस्ती झाली होती. युरेनियम, रेडियम अशी अस्थिर, किरणोत्सारी मूलद्रव्यं आठवली की दुरुस्ती का झाली ते कळतं. चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी जुन्या पुस्तकाप्रमाणे उत्तर दिलं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि सुधारित निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६१ वरून १७ वर आले. चार लाखांचं एकमत होतं, पण त्यामागे पुस्तक एकच होतं.

घोळक्यात आणखी एक गंमत घडते, ती स्मरणशक्तीची. स्कॉटलंडमध्ये फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडीतल्या दोघांना एकाच प्रसंगाचं वेगवेगळ्या कोनांतून केलेलं चित्रण दाखवलं. काही तपशील एकालाच दिसणारे होते. नंतर दोघांना आपसात बोलू दिलं आणि मग एकेकट्यानं आठवून सांगायला लावलं. चर्चा केलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, फक्त जोडीदाराकडून ऐकलेली गोष्ट आपल्या आठवणीत घुसडली. हे खोटं बोलणं नव्हे. तीन तासांच्या पेपरनंतर शिणलेल्या डोक्यात "मीही बीच केलंय" हे वाक्य असंच तयार होऊ शकतं. म्हणजे त्या तीन मतांतलं एखादं फाटकाबाहेरच जन्मलेलं असेल.

हळहळीचं एक ठरलेलं वाक्यही तिथे ऐकू येतं: "आधी बरोबर केलं होतं, बदललं आणि गेलं." अमेरिकेत जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी १,५६१ उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी तपासल्या. २००५ साली छापलेल्या त्या अभ्यासात बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीकडून बरोबरकडे गेली होती, तर बरोबरकडून चुकीकडे फक्त २५ टक्के. उरलेली एका चुकीतून दुसऱ्या चुकीत. तरीही मुलांना खात्री असते की पहिला कौलच खरा. हातातला गुण घालवल्याची बोच वर्षानुवर्षं राहते, वाचवलेला गुण मात्र घरी पोचेपर्यंत विसरला जातो.

नीटच्या ओएमआरवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, शाईचा गोल बदलता येत नाही, तो वाद मनातच होतो. पुढे ओएमआरची स्कॅन केलेली प्रत आणि तात्पुरती उत्तरसूची जाहीर होते, एका प्रश्नावर आक्षेप घ्यायचे २०० रुपये पडतात. बीवाल्या तिघांपैकी एखाद्याला आपण सी काळं केल्याचं त्या दिवशी कळतं.