ओरडल्याने हिमस्खलन होत नाही

हिवाळ्यात हिमालयात ट्रेकला निघालेल्या आपल्या गावाकडच्या मुलांना 'बर्फात ओरडू नका, आवाजाने बर्फ कोसळतो' असा संदेश हमखास येतो. सावधगिरीचा हेतू रास्तच आहे. मात्र माणसाच्या आवाजाचा दाब बर्फाचा थर सरकवण्यास फारच अपुरा असतो. खरा धोका भाराचा आहे. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर घट्ट थराखाली साखरेसारखा सुटा, रवाळ बर्फ दडलेला असेल, तर एका माणसाच्या वजनानेही तो खचतो आणि वरची अख्खी लादी तुटून घसरते. मोबाईलमधील कोनमापकाने उतार मोजता येतो. त्याचा सराव घरच्या शेताच्या धुऱ्यावरही (बांधावर) होईल. हिमालयात गेल्यावर वाटाड्याला सुरक्षित जागी फावड्याने खड्डा खणून थर दाखवण्यास सांगावे. पायाखाली 'धप्प' आवाज झाला किंवा भेग पसरली, तर तो उतार सोडावा.