दूध तोडल्यापासून माजापर्यंत: चार-पाच दिवसांच्या हिशेबामागचा इतिहास

दूध तोडलं की डुकरीण चार ते सहा दिवसांत माजावर येते. पिल्लं अंगावर असताना ती सहसा येत नाही, कारण तासातासाला आचळं ओढली जातात आणि अंडं पिकवून सोडायला लावणाऱ्या एलएच या संप्रेरकाचे ठोके दबून राहतात. अंडाशयातल्या पुटिका, म्हणजे अंडी वाढवणाऱ्या पिशव्या, मग 5 मिलिमीटरच्या आतच अडकतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दूध 8 आठवड्यांनी तोडत, त्यामुळे भाकड दिवसांची, म्हणजे गाभण नसताना आणि दूधही देत नसताना जाणाऱ्या दिवसांची, फारशी चर्चा नसे. पिल्लांचं खाद्य सुधारलं, वर्षाला जास्त वेतं हवीशी झाली, तसा हा काळ 3-4 आठवड्यांवर आला. 1990 च्या दशकात अमेरिकेत तो दोन आठवड्यांपर्यंत ओढला गेला. तिथे हिशेब फसला. गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे 3 आठवडे लागतात. त्याआधी घाई केली तर माज लांबतो आणि गर्भ टिकत नाहीत. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशात किमान 28 दिवस आहेत, वेगळी स्वच्छ केलेली जागा असेल तर 21. तो नियम मुळात पिल्लांसाठी, पण आईलाही मानवला.

दुसरा धागा खुराकाचा. 1982 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या प्रयोगात दुभत्या डुकरिणींना खाद्यातून रोज 8, 12 किंवा 16 मेगाकॅलरी ऊर्जा दिली. 8 वाल्यांपैकी आठवड्यात माजावर आलेल्या कमी भरल्या. पहिल्यांदाच व्यालेल्या पहिलटकरणीला हा फटका जास्त, कारण ती स्वतः अजून वाढत असते आणि खातेही कमी. आजच्या जाती मात्र फसवतात. वजन बरंच उतरलं तरी पाचव्या दिवशी माज दिसतो, आणि मार बसतो तो दुसऱ्या वेताच्या पिल्लसंख्येवर. म्हणून नुसते दिवस मोजून भागत नाही. फार खंगलेल्या पहिलटकरणीचा पहिला माज सोडून द्यावा. 21 दिवस जातात, पण पुढच्या वेतातली पिल्लसंख्या वाढते.

खाणं कमी पडण्याचं कारण बऱ्याचदा पाण्यात सापडतं. पाणी प्यायच्या नळाचं निपल दाबून लिटरची बाटली अर्ध्या मिनिटात भरते का, ते पाहावं. शेड 25 अंशांवर गेली की खाणं घटतंच. तेव्हा खुराक पहाटे आणि रात्री द्यावा.

माज ओळखायला नर 10 महिन्यांपुढचा, लाळ गाळणारा हवा. दूध तोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज दोनदा, 10-15 मिनिटं नाकासमोर आणावा आणि तेव्हाच डुकरिणीच्या पाठीवर दाब द्यावा; माजावर असेल तर ती दाबाला स्थिर उभी राहते. नराला कायम शेजारी बांधून ठेवलं तर डुकरिणीला त्याच्या वासाची सवय होते, आणि माजावरची डुकरीणही दाबाला उभी राहत नाही.