पार्किन्सन्समध्ये व्यायामाची मात्रा किती हवी?

पार्किन्सन्सचं निदान झालं की चिठ्ठीवर लेव्होडोपासारखी गोळी येते. फिजिओथेरपीचं नाव निघतं ते बहुधा पेशंट पहिल्यांदा पडल्यावर. खरं तर हे काम निदानाबरोबरच सुरू व्हायला हवं.

मेंदूतल्या डोपामाइन (हालचालींचे संदेश पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, तशी हालचाल मंदावते आणि आकसतेही. पाऊल आखूड पडतं, अक्षर बारीक होतं, चालताना एक हात हलेनासा होतो, आवाज खाली जातो. माणसाला स्वतःला मात्र याचा पत्ता नसतो. घरचे म्हणतात, "जरा मोठ्यानं बोला ना." त्यावर उत्तर येतं, "आणखी किती ओरडू?" आपण किती जोर लावतोय, याचा मेंदूचा अंदाजच चुकलेला असतो. तो सरावानं नव्यानं बसवावा लागतो. तोल आणि दम शाबूत असतानाच हे सोपं जातं. पडायच्या भीतीनं माणूस एकदा खुर्चीला खिळला, की स्नायूही साथ सोडतात.

पण नुसतं लवकर सुरू करून भागत नाही. ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम आजार असलेल्या ७६२ जणांवर एक चाचणी झाली. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. निम्म्यांना फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिलेली थेरपी) मिळाली, तीही आठ आठवड्यांत साधारण चार भेटींपुरती. रोजच्या कामांत काहीच फरक पडला नाही. थेरपी निरुपयोगी, असा अर्थ यातून काढणं मला घाईचं वाटतं. चार दिवस गोळी घेऊन आपण औषधाला नावं ठेवतो का?

अमेरिकेतल्या एका चाचणीत गोळ्या सुरू न झालेले १२८ जण होते. एका गटाला आठवड्यातून तीन-चारदा ट्रेडमिलवर हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांवर जातील इतकं चालवलं. सहा महिन्यांत नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची लक्षणं मोजपट्टीवर सरासरी ३.२ अंकांनी वाढली, जोरकस व्यायाम करणाऱ्यांची ०.३ अंकांनी. आजार थांबतो, असा याचा अर्थ नाही. तसा दावा कोणी करत असेल तर सावध राहा.

आवाजाचंही तसंच. ब्रिटनमध्येच ३८८ जणांवर झालेल्या चाचणीत (२०२४) चार आठवडे, आठवड्यातून चारदा मोठ्यानं बोलण्याचा कसून सराव केलेल्यांना फायदा झाला. सरकारी आरोग्यसेवेतल्या नेहमीच्या स्पीच थेरपीचा, काहीच न करण्याच्या तुलनेत, लाभ दिसला नाही.

तालुक्याच्या गावी असा थेरपिस्ट कुठून आणायचा, हा प्रश्न रास्तच आहे. नेदरलँड्समध्ये १३० जणांच्या चाचणीत निम्म्यांनी घरच्याच व्यायामाच्या सायकलवर, दुरून मिळणाऱ्या मार्गदर्शनाखाली, आठवड्यातून तीनदा अर्धा-पाऊण तास घाम गाळला आणि सहा महिन्यांनी नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या हालचाली बऱ्या राहिल्या. सायकलवर बसून तोल जायची धास्तीही कमी. जोर वाढवण्याआधी हृदय तेवढं तपासून घ्या.