घाम वाळत नाही त्या रानात वाट काढताना

मे महिना आला की गोव्यातल्या कितीतरी घरांत एक बेत शिजू लागतो. काजूचा हंगाम सरत आलेला असतो, मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टीला गावी आलेली असतात, आणि घरामागच्या आपल्याच डोंगरातून व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, एक चांगली पायवाट काढावी, असं कुणीतरी म्हणतं. पाऊस अजून लांब आहे, पानगळीमुळे जमिनीचा उतारही नीट दिसतो आहे. बेत उत्तम आहे, फक्त कुदळ हातात घेण्याआधी तापमापकावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवायला हवं.

पणजीत पारा ३४ अंशांवर असतो तेव्हा नागपुरात तो ४४ वर गेलेला असतो, आणि आपण सुखात आहोत असं आपल्याला वाटतं. आता तापमापकाच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घालून पाहा. फडक्यातलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, म्हणून पारा उतरतो. तो जिथे थांबतो त्याला वेट-बल्ब तापमान म्हणतात. नागपूरच्या कोरड्या हवेत, आर्द्रता १५ टक्के धरली तर, तो ४४ वरून २३ च्या आसपास येतो. गोव्यात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना तो २८ च्या खाली जात नाही. नागपूरचं ऊन जीवघेणं नाही असा याचा अर्थ नव्हे, पण घामाने गार होण्याची मुभा गोव्यात कितीतरी कमी आहे. ३५ अंश वेट-बल्ब ही माणसाच्या सहनशक्तीची मर्यादा, असं बराच काळ मानलं जाई. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट माणसांवर केलेल्या चाचण्यांत दमट हवेतली ही मर्यादा ३१ च्या जवळ निघाली, तीही अगदी हलक्या हालचालीत. खोदकाम तर दूरच राहिलं.

खोदताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा फार तर पाचवा-चौथा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. कष्टाच्या कामात ही उष्णता ३०० वॅटच्या वर सहज जाते. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ झाला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतो, म्हणजे ३०० वॅटसाठी तासाला जेमतेम अर्धा लिटर घाम पुरेसा आहे. पण तो वाफ झाला तरच. हनुवटीवरून टपकलेल्या घामाने काहीच गार होत नाही, नुसतं अंगातलं पाणी आणि मीठ जातं. गोव्याच्या रानात होतं ते नेमकं हेच.

झाडांची सावली उन्हाचा थेट मारा अडवते, पण दाट झाडोरा वाराही अडवतो, आणि पानांतून सुटणारी वाफ तिथेच कोंडून राहते. म्हणून सावलीत आहोत या समजुतीवर दुपारपर्यंत खोदत राहणं मला धोक्याचं वाटतं. पहाटे आर्द्रतेचा टक्का जास्त असला तरी हवा थंड असल्याने वेट-बल्ब तापमान खाली असतं. सहाला सुरू करून नऊ-साडेनऊला हत्यारं खाली ठेवावीत. शहरातून आलेल्यांनी तर पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्शाएवढंच काम करावं आणि रोज थोडं वाढवावं. उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. ही सवय अंगात असलेल्या गावच्या कामगाराशी चढाओढ करू नये.

मधल्या सुट्टीत उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं खाण्याची इथली रीत मला फार शहाणपणाची वाटते. पाणी, पिष्ट आणि मीठ एकत्र पोटात गेलं की आतड्यांतून पाणी चांगलं शोषलं जातं. तांदळावर आधारलेली जलसंजीवनी याच तत्त्वावर चालते. नुसतंच पाणी भराभर पिण्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं. काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. आधी अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यासारख्या भागात आणखी एक काळजी आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये सत्तरीत पोहोचला. तो गोचिडांमुळे पसरतो, आणि जानेवारी ते मे हाच त्याचा मोसम. पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यांत खोचलेला, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ. आसपास माकड मेलेलं दिसलं तर काम तिथेच थांबवून आरोग्य केंद्राला कळवावं.

आता वाटेकडे वळू. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यत्वे चार महिन्यांत. वाट टिकणार की तिचा ओहोळ होणार, हे तो ठरवतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो हलवू शकेल अशा सर्वांत जड दगडाचं वजन साधारण ६४ पट होतं. म्हणून वाट सरळ डोंगर चढवू नये. डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमी असावा, आणि एकंदरीत दहा मीटरला एक मीटर पुरे. बाहेरचा काठ किंचित खाली ठेवावा, मीटरभर रुंदीला पाचेक सेंटिमीटर. अधूनमधून वाट थोडी उतरवून पुन्हा चढवली की पाणी तिथून बाजूला जातं.

आणि हे सगळं मे महिन्यात खोदू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जांभ्याच्या जमिनीत लोहाचे ऑक्साइड भरपूर असतात आणि हवेत उघडी पडून वाळली की ती कठीण होत जाते. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारातल्या जांभ्याबद्दल नोंदवलं ते हेच, की खाणीत मऊ असलेला चिरा बाहेर घट्ट होतो. मे महिन्यात या जमिनीवर पहार आपटणं म्हणजे सर्वांत वाईट हवेत सर्वांत जड काम करणं. वर जी सुटी माती निघते ती बसायला वेळच मिळत नाही, जूनमध्ये व्हाळात जाते.

मे महिन्यात आखणी करावी, खुंट्या ठोकाव्यात, करवंदीची जाळी कोयत्याने मोकळी करावी. हुलगेरीच्या झाडाला हात लावू नये, तिच्या चिकाने फोड येतात. तोडलेला पाला जाळू नये. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास लागलेल्या आगी सर्वांनी पाहिल्या आहेत. हाच पाला उताराला आडवा टाकला तर पाणी मंदावतं. जमीन आपली असली तरी झाड तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि जागा खासगी वन ठरलेली असेल तर आधी वन खात्याला विचारावं.

मग जुलैत छत्री घेऊन त्या खुंट्यांवरून चालावं. जिथे पाणी साचतं किंवा वेगाने वाहतं तिथली खुंटी वर-खाली सरकवावी. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात माती अजून ओलसर असते, कुदळ सहज जाते, आणि बसलेल्या मातीला पुढच्या पावसापर्यंत सहा-सात महिने मिळतात.