वनस्पतिजन्य कोळसा (सांडपाण्यातील जड धातूंसाठी)

नारळाची करवंटी, भाताचे तूस, उसाचे चिपाड यांसारख्या पदार्थांपासून केलेला आणि क्रोमियम, शिसे, कॅडमियम यांचे आयन पृष्ठभागावर धरून ठेवणारा कोळसा. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. स्पंजात पाणी मुरते तसे हे नव्हे. ‘शोषण’ हा रूढ शब्द येथे सैल ठरतो.

कोळशाने पाणी शुद्ध करण्याचा दाखला सुश्रुतसंहितेत असल्याचे वारंवार लिहिले जाते; त्यासाठी इ. स. पू. २००० हा काळही दिला जातो. तो ग्राह्य दिसत नाही. शिवाय त्या ग्रंथाच्या सूत्रस्थान या विभागात गढूळ पाणी निवळण्यासाठी सांगितलेली द्रव्ये सातच : कतक (निवळीच्या बिया), गोमेदक, बिसग्रंथी (कमळाच्या देठाची गाठ), शैवालमूल (शेवाळाचे मूळ), वस्त्र, मोती व मणी. त्यांत कोळसा नाही. कोळशाने द्रावणाचा रंग जातो, हे लोविट्स या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये दाखविले; आधुनिक सक्रियित कोळशाचा (सूक्ष्म छिद्रे पाडून पृष्ठफळ वाढविलेल्या कोळशाचा) पाया मात्र १९००–०१ च्या सुमारास ओस्ट्रेज्को या रसायनशास्त्रज्ञाच्या पेटंटांनी घातला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

करवंटी हवेविना भाजून सुमारे ८००–१,००० से. तापमानाला तीवर वाफ सोडतात, म्हणजे तीत अशी छिद्रे पडतात. तुसासारख्या हलक्या मालासाठी फॉस्फोरिक अम्लाची प्रक्रिया कमी तापमानाला चालते. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ १,००० चौ. मी. भरू शकते, पण धातूंच्या बाबतीत पृष्ठफळाइतकेच पृष्ठभागावरील ऑक्सिजनयुक्त गट महत्त्वाचे असतात.

शिसे व कॅडमियम यांचे धन आयन साधारणतः पीएच (अम्लतेचा अंक; ७ हून कमी म्हणजे अम्लीय) ५–६ ला चांगले धरले जातात. त्याहून अल्कधर्मी पाण्यात त्यांची हायड्रॉक्साइडे साक्याच्या (न विरघळणाऱ्या गाळाच्या) रूपाने खाली बसतात आणि त्याचे श्रेय चुकून कोळशाला मिळते. षट्संयुजी (सहा संयुजा असलेल्या) क्रोमियमचे उलट आहे : ते ऋण आयनाच्या रूपात असल्याने पीएच २–३ च्या आसपास, पृष्ठभाग धनभारित असताना, चिकटते. क्रोमियमचा मुलामा देण्याच्या कारखान्यातील पिवळे पाणी अशा वेळी रंगहीन होते. डायफेनिल कार्बाझाइड हे परीक्षाद्रव्य घातल्यावर पूर्वी येणारी जांभळट लाली दिसली नाही, तर क्रोमियम गेले असे समजले जाते. ही परीक्षा केवळ षट्संयुजी रूप ओळखते. कोळसा स्वतः ऑक्सिडीभूत होऊन षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी (तीन संयुजांचे) रूप करतो व ते अम्लीय पाण्यात बरेचसे राहूनच जाते. म्हणून एकूण क्रोमियम वेगळे मोजावे लागते. भारतात भूपृष्ठावरील जलाशयांत सोडावयाच्या पाण्यासाठी षट्संयुजीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०·१ मिग्रॅ., तर एकूण क्रोमियमची २ मिग्रॅ. आहे.

धरलेले षट्संयुजी क्रोमियम कॉस्टिक सोड्याने काही अंशी सुटते. त्रिसंयुजीसाठी अम्ल लागते. पुन्हा न वापरता येणारा कोळसा धातूंसह घातक कचऱ्यात जातो.